टॉवर लागतच नाही

खंबाटकी घाटात मोबाईलची रेंज नसते मग गाड्या एकमेकींशी बोलणार कशा असं कुणीतरी विचारलंय, पण सी-व्हीटूएक्सच्या (म्हणजे गाड्यांनी एकमेकींशी रेडिओवर बोलायचं मोबाईलच्या घराण्यातलं तंत्र) डायरेक्ट मोडला टॉवर लागतच नाही हो, ५.९ गिगाहर्ट्झवर गाडी आसपासच्या गाड्यांना आपला वेग, जागा, ब्रेक मारलाय का हे सेकंदाला साधारण १० वेळा थेट सांगत राहते. याच कामाचं जुनं रेडिओ तंत्र डीएसआरसी पण तसंच, फक्त ते वायफायच्या घराण्यातलं. अमेरिकेने १९९९ ला त्याला ७५ मेगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा दिला न २०२० ला त्यातले ४५ वायफायला देऊन टाकले, उरलेले ३० सी-व्हीटूएक्सला. वीस वर्षं नुसता घोळ!

माझी शंका वेगळीच आहे. सांगलीकडं सीझनला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर निघतात, मागं रिफ्लेक्टर पण धड नसतो, त्यांना हा रेडिओ कोण बसवणार? तिथं शेवटी आपल्या गाडीवर कॅमेरा न रडारच लागणार.