मदत हवी आहे: ट्रॅपमध्ये पेशी पकडली, पण कॅमेऱ्यात नुसता गोल ठिपका

रेणुका_जीवभौतिकी:
ऑप्टिकल ट्रॅपमध्ये (लेसरच्या एकवटलेल्या किरणाच्या चिमट्यात) जिवंत पेशी धरून तिचं सुपर-रेझोल्यूशन (साध्या सूक्ष्मदर्शकापेक्षा बारीक तपशिलाचं) चित्र घ्यायचं आहे. पेशी पकडली जाते, पण लांबट दिसायच्या ऐवजी गोल ठिपका दिसतो. फोकस वर-खाली केला तरी चित्र तेच. वर काही मिनिटांत पेशीतल्या चमकणाऱ्या रंगद्रव्याची चमक विझते. लेसर 60 टक्क्यांवर आहे. शुक्रवारी गाईडना दाखवायचंय, लवकर सांगा प्लीज.

भिंगवाला:
कुठली पेशी? लेसर किती नॅनोमीटर? 60 टक्के कशाचे? ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) तेलाचं की पाण्याचं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सदा_मिरज:
तांबडी पेशी असणार. लेसरच्या ट्रॅपमध्ये ती दुमडून दांड्यासारखी होते. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या गटाने 2004 मध्ये दाखवलं होतं की मलेरियाबाधित तांबड्या पेशी ट्रॅपमध्ये आपोआप फिरतात, निरोगी फिरत नाहीत. फार सुंदर काम आहे, जरूर वाचा.

रेणुका_जीवभौतिकी:
तांबडी नाही हो, ई. कोलाय हा लांबट जिवाणू आहे. लेसर 1064 नॅनोमीटर, ऑब्जेक्टिव्ह तेलाचं, एनए (प्रकाश गोळा करायची क्षमता) 1.4. ट्रॅप एकच.

भिंगवाला:
मग ठिपका दिसणारच. लांबट जिवाणू एका ट्रॅपमध्ये किरणाच्या दिशेने उभा राहतो आणि तुम्ही त्याला टोकाकडून बघताय. ट्रॅप आणि चित्र एकाच ऑब्जेक्टिव्हमधून असेल, तर फोकस हलवला की जिवाणूही सोबत हलतो, म्हणून चित्र बदलत नाही. ट्रॅपच्या वाटेवरच्या दुर्बिणीतलं एक भिंग पुढे-मागे करून ट्रॅपची उंची वेगळी ठेवा. आणि आडवा धरायचा तर दोन ट्रॅप लागतील, दोन टोकांना एकेक. जर्मनीतल्या बीलेफेल्डच्या गटाने 2016 मध्ये होलोग्राफिक ट्रॅपमध्ये (एकाच लेसरचे अनेक ट्रॅप करून) जिवाणू धरून नॅनोस्कोपी, म्हणजे सुपर-रेझोल्यूशन चित्रण, केली आहे, ती पद्धत बघा.

काचपट्टी:
एवढा खटाटोप कशाला? काचेला पॉलीलायसिन (धनभारित चिकट लेप) लावा, जिवाणू चिकटतात. स्वस्त आणि मस्त. आमच्याकडे सगळे हेच करतात.

मंजिरी_ठाणे:
काचपट्टी, पॉलीलायसिनच्या धनभाराचा जिवाणूच्या आवरणाला त्रास होतो. पेशी जिवंत हवी असेल तर अगारोजचा (जेलीसारखा) पॅड परवडला. पण तोही पृष्ठभागच. रेणुकाला पृष्ठभागाचा स्पर्शच नको असेल तर ट्रॅप बरोबर आहे. तसं आहे का, रेणुका? आणि बघायचंय काय? विभाजनाच्या वेळी पेशीच्या मध्यावर बनणारं एफटीएसझेड या प्रथिनाचं कडं बघायचं असेल, तर उभा जिवाणूच उत्तम, कडं समोरून गोल दिसेल!

काचपट्टी:
आमचे जिवाणू पॉलीलायसिनवरही वाढतात. उगाच घाबरवू नका.

अनिकेत७:
चमक विझते ती उष्णतेमुळे. 1064 मुळे पाणी तापतं, लेसर बदला.

मंजिरी_ठाणे:
1064 ला साधारण 100 मिलिवॅटला एखाद-दुसरा अंश तापमान वाढतं. खरी इजा ऑक्सिजनच्या वाटेने होते. 1999 मधल्या ई. कोलायवरच्या अभ्यासात 870 आणि 930 नॅनोमीटरला सर्वांत जास्त इजा दिसली, 830 आणि 970 ला सर्वांत कमी. ऑक्सिजन काढून टाकला की इजा पुष्कळ घटली.

अनिकेत७:
मग ऑक्सिजन शोषणारी ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटालेज ही विकरं घाला, काम झालं.

मंजिरी_ठाणे:
नाही झालं. त्याने आम्ल तयार होऊन पीएच उतरतो, आणि जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) वापरत असाल तर ते चमकायच्या अवस्थेला पोचायलाच ऑक्सिजन लागतो. चमक विझण्यामागे आणखी एक शक्यता आहे: ट्रॅपचा लेसर आणि उद्दीपनाचा (रंगद्रव्य चमकवणारा) लेसर एकाच वेळी चालू असले की काही रंगद्रव्यं लवकर विझतात. दोन्ही आळीपाळीने चालू-बंद करून बघा.

विद्या_पुणे:
ऑप्टिकल ट्रॅप शोधणारे आर्थर अश्किन यांना त्यासाठी 2018 चं नोबेल मिळालं तेव्हा ते 96 वर्षांचे होते! 1987 मध्ये त्यांनी हिरव्या लेसरने जिवाणू पकडले, जिवाणू मरायला लागले म्हणून ते अवरक्त किरणांकडे वळले. माझ्या मुलीला यातच पीएचडी करायची आहे, जर्मनीत अर्ज कधी करावा?

भिंगवाला:
विद्याताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहितो. रेणुका, ऑब्जेक्टिव्हच्या पलीकडे किती मिलिवॅट आहेत ते राहिलंच.

रेणुका_जीवभौतिकी:
ऑब्जेक्टिव्हच्या मागे, किरण आत शिरण्याआधी मोजले, 300 मिलिवॅट. मंजिरीताई, जीएफपीच आहे, आवरणावरच्या प्रथिनाला जोडलेलं. स्पर्श नको म्हणूनच ट्रॅप. कडं नाही, लांबीभर बघायचंय.

भिंगवाला:
300 फार झाले. ऑब्जेक्टिव्हमध्ये बरेच गळले तरी नमुन्यावर गरजेच्या कितीतरी पट पोचतात. एक जिवाणू धरायला 10-20 मिलिवॅट पुरतात, दोन ट्रॅपना त्याच्या दुप्पट धरा. आधी एवढंच करा: पॉवर उतरवा, पेशी थोडा वेळ धरा, सोडा आणि ती पुढे विभागते का बघा. आणि काचेपासून फार खोल जाऊ नका, तेलाच्या भिंगाला पाण्यात खोलवर गोलीय दोष येतो (किरण एका बिंदूत नीट एकवटत नाहीत) आणि ट्रॅप ढिला पडतो. किती खोलीवर धरताय?