वाचनालयाच्या प्रोग्रामला कोणता परवाना लावू?

पिंपळपान: गावच्या वाचनालयासाठी प्रोग्राम लिहिलाय. सभासद, वर्गणी, पुस्तकांची देवघेव, दंड, पावती. पायथन भाषेत, खिडक्या-बटणांसाठी पायक्यूटी. सोबत मुक्ता फॉन्ट दिलाय. शेजारच्या गावातूनही मागणी आहे. कोड गिटहबवर (कोड जाहीर ठेवायची साइट) टाकायचाय. कोणीही वापरावा, बदलावा. पण रंग बदलून, कोडला कुलूप लावून विकू नये. खर्च शून्य, वकील नको. एमआयटी, जीपीएल की अपाची?

कोडगा: एमआयटी, डोळे झाकून. दोन-तीन परिच्छेद, विषय संपला. माझी पंचांगाची लायब्ररी एमआयटीखाली आहे. एका मोठ्या ॲपच्या 'परवाने' पानावर माझं नाव झळकतं!

आबा_सांगलीकर: ते पान कोण उघडतं? एमआयटीत कुलूप लावून विकायला मुभाच आहे, मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर ठेवला की झालं. माझा बिलिंगचा प्रोग्राम असाच एकाने उचलला आणि माझ्याच गल्लीतल्या दुकानदाराला विकला. अडलं की दुकानदार फोन मला करायचा. जीपीएल ३ घ्या, त्यात बदललेला प्रोग्राम वाटणाऱ्याला त्याचा कोडही खुला ठेवावा लागतो.

मी_बोरिवलीकर: आधी चांगला वकील गाठा आणि नावाचा ट्रेडमार्क करून टाका. मी केलाय, शांत झोपतो.

पिंपळपान: खर्च शून्य म्हटलंय हो.

ग्रंथकीटक: मुळात नवं कशाला? कोहा हे ग्रंथालयाचं तयार सॉफ्टवेअर आहे की. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ ग्रंथालयाने करून घेतलं, २००० पासून वापरात, जीपीएल. आमच्या कॉलेजात सुरेख चाललंय.

पिंपळपान: कोहाला सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. इथे एक जुना पीसी आणि दुपारी जाणारी वीज.

मी_बोरिवलीकर: कोहाचंच घ्या! २०११ मध्ये न्यूझीलंडमध्येच एका अमेरिकी कंपनीने त्या नावाच्या ट्रेडमार्कला प्राथमिक मंजुरी मिळवली. ग्रंथालयाला लढण्यासाठी लोकांकडे मदत मागावी लागली. परवाना कोडचा असतो, नावाचा नाही. म्हणून म्हणतो, वकील.

टिंबटिंब: थांबा. पायक्यूटी म्हणालात ना? मग वरचा निम्मा वाद फुकट आहे. पायक्यूटीला दोनच वाटा: जीपीएल ३ नाहीतर विकतचा परवाना. फुकटातलं घेऊन बांधलेला प्रोग्राम वाटायचा तर सगळाच जीपीएलच्या अटींनी वाटावा लागतो. एमआयटीच हवं असेल तर पायसाइड या तशाच साधनावर जा, ते एलजीपीएल या सैल परवान्याखाली आहे. इंपोर्टच्या ओळी आणि 'पायक्यूटीसिग्नल'सारखी काही नावं बदलली की बरंचसं काम भागतं.

मुक्ता फॉन्ट ओएफएल या फॉन्टच्या खुल्या परवान्याखाली आहे, बिनधास्त द्या, फक्त त्याच्या परवान्याची फाइल काढू नका. आणि जीपीएल विकायला मनाई करत नाही. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला सोर्स (मूळ कोड) आणि तेच हक्क द्यायचे, एवढंच. कोडमध्ये आणखी कुणाचा हात आहे? नोकरीचा भाग म्हणून लिहिलाय का?

पिंपळपान: नाही, घरी बसून. पावतीचा भाग भाच्याने लिहिलाय.

टिंबटिंब: मग तेवढ्या भागाचा कॉपीराइट भाच्याचा. ईमेलवर का होईना, लेखी संमती आत्ताच घ्या. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवाल्यांनी आपलं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएलवर नेलं तेव्हा शेकडो जणांना शोधून विचारावं लागलं होतं. तोवर कोड टाकूही नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम म्हणजे साहित्यकृतीच, परवाना नसेल तर सगळे हक्क राखीव. गिटहबवर दिसतोय म्हणून कुणाला वापरता येत नाही.

सायली_पुणे: क्रिएटिव्ह कॉमन्सचं (सीसी) एनसी, म्हणजे 'व्यावसायिक वापर नको', लावा ना, कुणी विकणारच नाही. माझ्या पाककृतींच्या पीडीएफला तेच आहे.

आबा_सांगलीकर: ताई, सॉफ्टवेअरला आमचे परवाने लावू नका असं सीसीवालेच सांगतात. आणि वर्गणी घेणारं वाचनालय 'व्यावसायिक' की नाही, यावर भांडत बसायचं कुणी?

कोडगा: काहीही करा, पण ॲफेरो जीपीएलचं नाव काढू नका. बऱ्याच कंपन्या त्याला हात लावत नाहीत.

दूरदेशी: सगळं वाचलं नाही, पण एमआयटीला +१.

पिंपळपान: ठरलं, ॲफेरो जीपीएल ३. पुढे हे वेबवर न्यायचंय. साध्या जीपीएलमध्ये कुणी स्वतःच्या सर्व्हरवर बदललेली आवृत्ती चालवून भाडं घेतलं तर सोर्स द्यायला बांधील नाही, कारण प्रत वाटलीच जात नाही. ती फट मला नकोय. कंपन्यांनी हात लावला नाही तर वाचनालयाचं काय अडणार? टिंबटिंब, पायक्यूटीशी जमेल ना?

टिंबटिंब: जमेल. दोन्ही आवृत्ती ३, कलम १३ मध्ये जोडायची मुभा आहे. मी असतो तर साध्या जीपीएलवरच थांबलो असतो. परवान्याचा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा ठेवा, मराठी करून टाकू नका. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर एसपीडीएक्सची (परवान्याचं ठरलेलं छोटं नाव सांगणारी) एक ओळ पुरे.

कोडगा: धन्य आहे. माझं काय, विचारलंत म्हणून सांगितलं.

ग्रंथकीटक: दंड काढताना सुट्ट्या वगळतो का? कोहात ती सोय आहे.

पिंपळपान: सोमवार आपोआप वगळतो. दिवाळी हाताने भरावी लागते.