मदत हवी आहे: बाळाच्या प्युरी साठवाव्यात की रोज कराव्यात? (वीज आणि पाण्याची अडचण)

नमस्कार. आम्ही लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. माझी मुलगी गेल्या आठवड्यात सात महिन्यांची झाली. तिचे उष्टावण मामाच्या मांडीवर रीतीप्रमाणे पार पडले, परंतु खिरीचे ते पहिले बोट चाटवून झाल्यावर रोज तिच्या वाटीत काय घालायचे, याचा विचार घरात कोणी फारसा केलेला नव्हता. 26 आठवड्यांची रजा संपवून मी पतसंस्थेतील नोकरीवर पुन्हा रुजू झाले आहे. सकाळी दहा ते सायंकाळी सहा मुलगी सासूबाईंजवळ असते आणि गुडघ्यांमुळे त्यांना ओट्याशी फार वेळ उभे राहवत नाही.

म्हणून रविवारी लाल भोपळा, गाजर, दुधी आणि रताळी वाफवून, मिक्सरमधून काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायची आणि आठवडाभर दोन-दोन वड्या गरम करून द्यायच्या, अशी सोय मी लावली. पहिला आठवडा नीट गेला. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी दुपारी गेलेली वीज रात्री नऊच्या सुमारास आली, आणि गुरुवारी सकाळी ट्रे बाहेर काढला तेव्हा चौकोनी वड्यांच्या जागी कडेपर्यंत पसरलेला एकसंध थर दिसला, म्हणजे सगळे वितळून पुन्हा गोठले होते. रंगात किंवा वासात काही वावगे नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "एवढं चांगलं अन्न टाकायचं कशाला?" मी ते टाकले, आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला राहिला, तो भाग वेगळा. ज्या गावात उन्हाळ्यात दिवसाकाठी पाच-सहा तास वीज नसते, तेथे प्युरी साठवण्याचा काही सुरक्षित मार्ग आहे का, की हा नाद सोडून द्यावा?

दुसरी अडचण पाण्याची. आमच्या बोअरचे पाणी खारट आहे, आणि ते आटले की टँकर येतो. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तशी वेळ आज नाही; पण टँकर कोणत्या विहिरीवर भरला, हे आजही कोणी सांगत नाही. बाळाची भाजी मी या पाण्यातच शिजवते, मात्र ते आधी वीस मिनिटे उकळून घेते. एवढे पुरेसे आहे का?

शिवाय सासरे जालन्याहून मोसंबीची जाळी भरून घेऊन आले आहेत आणि नातीला रोज वाटीभर रस मिळावा असा त्यांचा आग्रह आहे. तिच्या नाकाचा शेंडा आणि तळवे पिवळसर दिसू लागले आहेत. सोमवारी डॉक्टरांना दाखवणारच आहे, तरीही कोणाला असा अनुभव असल्यास कृपया लिहावे.

प्रतिसाद (नांदेड)

ताई, आपण तो ट्रे रिकामा केला हे योग्यच झाले. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. मधल्या उबेत जे वाढले ते पुन्हा गोठल्यावरही तसेच राहते आणि वासावरून कळत नाही. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये आणि हवा 32 अंशांहून गरम असेल तर एकच तास धरावा, असा साधारण नियम आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर एक तासच धरायला हवा.

साठवणीच्या युक्त्या सांगण्याऐवजी मी साठवण कशी टाळली ते सांगते. सकाळी घरच्यांसाठी कुकर लागतोच. त्यातच एका डब्यात मूगडाळ, थोडे तांदूळ आणि भोपळ्याच्या किंवा दुधीच्या दोन फोडी ठेवायच्या, आणि मीठ व फोडणी पडण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढायचा. मीठ आणि साखर वर्षापर्यंत नकोच. मऊ करण्यासाठी मी मिक्सरऐवजी पुरणयंत्र वापरले. होळी झाली की वर्षभर माळ्यावर पडून राहणारी ही वस्तू विजेवाचून चालते, भोपळ्याचे तंतू जाळीच्या वरच अडकतात, आणि मुख्य म्हणजे आपल्या सासूबाईंना ती खाली बसून फिरवता येईल. पातळ करायला आपलेच काढलेले दूध वापरावे, आणि चमचा तिरका केल्यावर लगेच ओघळणार नाही इतपत दाट ठेवावे.

दुपारसाठी गॅसही लागू नये असे फळ धरावे. आमच्याकडे अर्धापूरची केळी असतात. सालीवर ठिपके आलेले केळे ऐन वेळी वाटीत कुस्करले की काम होते. कच्चट केळ्याने शौचाला घट्ट होते, तेव्हा मी पपई देत असे. सीताफळाच्या हंगामात प्रत्येक बी डोळ्यांनी पाहून काढावी, कारण राहिलेली एखादी बी घशात अडकू शकते. ज्या वाटीत बाळाचा चमचा बुडाला, त्या वाटीतले उरलेले पुढच्या वेळेला ठेवू नये.

एखाददुसऱ्या अडचणीच्या दिवसासाठी वड्या ठेवायच्याच असतील, तर ट्रेशेजारी एका वाटीत बर्फाचे दोन खडे ठेवावेत. ते सपाट झालेले दिसले की वड्या टाकायच्या, असे सासूबाईंशी आधीच ठरवून घ्यावे, म्हणजे अबोल्याची वेळ येणार नाही.

प्रतिसाद (परभणी)

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काही वर्षे काम केले आहे, म्हणून फक्त पाण्याबद्दल लिहितो. जंतू मारण्यासाठी खळखळून एक मिनिट उकळी पुरते. क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड उकळून जात नाहीत. उलट वीस मिनिटांत पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते. आपण काळजीपोटी नेमके उलटे करत आहात.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे; फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालते. मराठवाड्यातील अनेक बोअरमध्ये शेतातील युरिया आणि गोठ्यांचा निचरा यांमुळे नायट्रेट या मर्यादेच्या वर जाते. त्यापासून शरीरात नायट्राइट तयार होते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. हा धोका सर्वांत जास्त असतो तो सहा महिन्यांच्या आतील, पाणी घालून तयार केलेल्या दुधावर वाढणाऱ्या बाळांना, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही; पण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत बोअरच्या पाण्याचा नमुना एकदा अवश्य द्यावा. चव खारट आहे यावरून नायट्रेट आहे किंवा नाही, असे काहीच ठरत नाही. तोवर आरओचे पाणी उकळून वापरावे. जारचे पाणी घेत असाल, तर ते खरोखर आरओचे आहे की नुसते थंड केलेले, हे विक्रेत्याला विचारावे. भाजी पाण्यात न बुडवता डब्यात वाफवली, तर पाण्याचा प्रश्न निम्मा होतो. पालक आणि बीट यांत मुळातच नायट्रेट असते आणि शिजवून ठेवल्यावर त्याचे नायट्राइट होऊ लागते, म्हणून या दोन भाज्या केल्या त्याच वेळी संपवाव्यात.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

मी आहारशास्त्र शिकवते. रोज गाजर, भोपळा आणि रताळे दिल्यास त्यांतील कॅरोटीनमुळे नाक आणि तळवे पिवळे होतात व भाज्या बदलल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत होतात. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आहे ना, हे आजच पाहावे. तो पिवळा असेल, तर सोमवारची वाट पाहू नये.

मला अधिक काळजी वाटते ती आपल्या यादीत डाळच नाही याची. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातील लोह बाळाला पुरत नाही, आणि नुसत्या भाज्या-फळांच्या लगद्यात लोहही कमी आणि उष्मांकही कमी. स्तनपान चालू असलेल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण 200 उष्मांक मिळावे लागतात. भोपळ्याच्या दोन वड्यांनी त्यातला किरकोळ भाग भरतो. घट्ट वरण, चमचाभर तूप, घरात चालत असल्यास नीट उकडलेले अंडे, असे दिवसातून दोन-तीनदा द्यावे. मोसंबीचा रस वर्षापर्यंत नको, पण साल, पापुद्रा आणि बिया काढलेला गर डाळीसोबत दिल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. आजोबांची मोसंबी अशी सत्कारणी लागेल. गुटी मधात उगाळत असाल तर तेवढे मात्र थांबवावे. वर्षापर्यंत मध देऊ नये.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. डोळे पांढरेच आहेत, आणि डॉक्टरांनीही भोपळा-गाजर आठवड्यातून दोनदाच देण्यास सांगितले. पाण्याचा नमुना यांनी काल देऊन आणला. मोसंबीचा गर सासरे स्वतः सोलून देतात आणि एकेक पापुद्रा काढण्यात त्यांचा अर्धा तास छान जातो. डाळ-तांदूळ-दुधी मुलीने तीन दिवस थुंकून टाकली. चौथ्या दिवशी चार चमचे गेले.

पुरणयंत्र माळ्यावरून काढले, तर ते सासूबाईंच्या माहेरचे, पितळी निघाले, आणि आतली कल्हई जागोजागी उडालेली आहे. कल्हईवाला आमच्या गावात कित्येक वर्षांत फिरकलेला नाही, आणि नवे स्टीलचे आणू म्हटले तर त्यांना ते पटत नाही. लातूर, उदगीर किंवा अंबाजोगाईत कल्हई करून देणारे कोणी आजही बसतात का?