नवी लोकसभा: ८८८ आसनं कशासाठी?

त्रिज्या: मे २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं तेव्हा खासदार ५४३ आणि लोकसभेत आसनं ८८८. एवढी कशाला? जुन्याच इमारतीत भिंती मागे घेऊन भागलं नसतं? दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठका जिथे व्हायच्या तो सेंट्रल हॉल नव्या इमारतीतून का वगळला?

कलम_८१: कारण मतदारसंघांची पुनर्रचना, म्हणजे लोकसंख्येनुसार जागा नव्याने ठरवणं; त्यात खासदार वाढू शकतात. राज्यांच्या वाट्याच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या गेल्या आणि ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. पण ८८८ हा आकडा आराखड्यातला आहे, घटनेतला नव्हे. बाकं बसवली म्हणून जागा वाढत नाहीत. दक्षिणेकडच्या राज्यांना धास्ती आहे ती लोकसंख्येवर वाटप झालं तर आपला वाटा घटेल याची.

चुनखडी: जुनी इमारत १९२७ ची, वारसा यादीत पहिल्या श्रेणीत. गोल आराखड्यात सभागृहं अशी अडकवलेली आहेत की एक भिंत हलवली तर मागचा मार्ग आणि अंगण दोन्ही जातात. १९५६ मध्ये वर दोन मजले चढवले. वातानुकूलन, केबल, आगीची यंत्रणा हे सगळं नंतर जमेल तसं घुसवलेलं. सेंट्रल हॉलमध्ये जेमतेम ४४० जण मावत, म्हणून संयुक्त बैठकीला जादा खुर्च्या मांडाव्या लागत. आता लोकसभेच्याच सभागृहात १२७२ जणांची सोय आहे, त्यामुळे कागदावर तो हॉल अनावश्यक ठरला. तिथे चहा घेत विरोधी बाकांवरच्यांशी आणि पत्रकारांशी गप्पा व्हायच्या त्या मात्र कुठल्याच क्षेत्रफळात धरल्या नाहीत. माझ्या मते आराखड्यातली मोठी चूक हीच, नव्या इमारतीचा त्रिकोणी आकार नव्हे.

तारीख_पे_तारीख: कोर्टातला वाद सौंदर्याचा नव्हता, प्रक्रियेचा होता. ५ जानेवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने २ विरुद्ध १ मतांनी सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पाला (नवं संसद भवन त्याचाच भाग) वाट दिली. न्या. संजीव खन्ना यांचं भिन्नमत वाचाच: जमिनीच्या वापरातला बदल करताना लोकांना पुरेशी माहिती दिली नाही, वारसा समितीची पूर्वपरवानगी घेतली नाही.

त्रिज्या: आणि नव्या इमारतीतली २०२४ ची गळती?

चुनखडी: लॉबीवरच्या काचेच्या घुमटाची. काचा बसवताना वापरलेला चिकट पदार्थ सरकल्याचं लोकसभा सचिवालयाने सांगितलं. काच आणि धातूची चौकट उन्हात सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. सांधा अरुंद ठेवला किंवा धुळीवरच सीलंट (सांधा बुजवणारा चिकट पदार्थ) भरलं तर ते कडेने सुटतं आणि पहिल्या जोरदार पावसात पाणी आत येतं. वरून नुसता लेप मारून उपयोग नाही. जुनं सीलंट खरवडून, कडा पुसून कोरड्या करून नवं भरायचं, ते पुरतं वाळू द्यायचं आणि मग पाणी मारून तपासायचं. हे दर पावसाळ्याआधी पाहावंच लागतं.