कालादान नक्की अडलंय कशाने?

दर्यावर्दी:
"शेजाऱ्यांना रस्ते बांधून देणं बंद करा, तो पैसा नौदलाला द्या, सगळे सुतासारखे सरळ येतील." इति कालच्या धाग्यातले फौजी खाक्या, आणि पुरावा म्हणून कालादान, म्हणजे कोलकाता ते मिझोराम व्हाया म्यानमार असा भारताचा समुद्र-नदी-रस्ता प्रकल्प! तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

म्यानमारच्या नौदलाला २०२० मध्ये 'सिंधुवीर' ही अख्खी पाणबुडी देऊन झाली. तरी जानेवारी २०२४ मध्ये या मार्गावरचं पलेटवा अराकान आर्मी या तिथल्या बंडखोर फौजेने घेतलंच. पाणबुडी डोंगर चढत नाही हो. घोडं पेंड खातं ते कागदावर. करार २००८चा, अंदाज ५३६ कोटींचा. २०१५ मध्ये तोच २,९०४ कोटी. रस्त्याचं कंत्राट सुटेतो २०१७ उजाडलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता बळकावली. त्यातल्या त्यात बरी वर्षं फायलीत गेली, याला बंदूक काय करणार?

फौजी खाक्या:
टाळ्या. आता हेही लिहा की नोव्हेंबर २०१९ मध्ये याच प्रकल्पावरचे भारतीय अराकान आर्मीने उचलून नेले, त्यातला एक दगावला. अफगाणिस्तानात झरंज–देलाराम हा २१८ किमीचा रस्ता आपल्या बीआरओने (सीमा रस्ते संघटना) पुरा केला, कारण आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) पहाऱ्याला होती. पहारा नको आणि रस्ता हवा, असं कसं चालेल?

दर्यावर्दी:
पुरा झाला, मान्य. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानच्या हाती पडलेली पहिली प्रांतिक राजधानी कोणती? झरंजच. पहारा बांधकामापुरता. पुढे तिथलं सरकार टिकावं लागतं.

हिशेबनीस:
तुमचं चालू द्या, मालाचं कोणी बघतंय का? कोलकाता ते म्यानमारचं सित्वे बंदर समुद्रातून ५३९ किमी, सित्वे ते पलेटवा नदीतून १५८, तिथून मिझोरामच्या सीमेवरच्या झोरिनपुईपर्यंत रस्ता १०९. मे २०२३ मध्ये सित्वेला पहिलं जहाज लागलं: १,००० टन सिमेंट, २०,००० पोती. तसलंच पोतं मिझोरामला न्यायचं तर जहाजातून काढा, बार्जमध्ये भरा, पलेटवाला काढा, ट्रकमध्ये भरा. बार्ज ३०० टनी, म्हणजे एका जहाजामागे चार खेपा. दर चढउताराला पोती फुटणार, पावसात उरलेल्यांचे गोळे होणार. मजुरी धरून भाव लावा आणि मग परराष्ट्र धोरण बोला.

ईशान्येकडचा:
ईशान्येला देशाशी जोडणारी सिलिगुडीची चिंचोळी पट्टी बंद पडली तर त्या दिवशी पोत्याचा भाव कोणी विचारणार नाही. हा पर्यायी मार्ग आहे, किराणा दुकान नव्हे.

हिशेबनीस:
पर्याय बांगलादेशातलं चितगाव बंदर होता की. ते वापरायचा २०१८चा करार आहे.

ईशान्येकडचा:
बांगलादेशात जाणाऱ्या आगरतळा–अखौरा रेल्वेचं उद्घाटन नोव्हेंबर २०२३ मध्ये, तिथल्या पंतप्रधान हसीना सत्तेवरून गेल्या ऑगस्ट २०२४ मध्ये. एकाच सरकारच्या भरवशावर राहिलं की काय होतं ते दिसलं ना? म्हणून तर शिलाँग–सिलचर १६६.८ किमीला २२,८६४ कोटी मंजूर झाले. तो महामार्ग पुढे कालादानलाच जोडायचा आहे.

हिशेबनीस:
म्हणजे २,९०४ कोटींच्या पुऱ्या न झालेल्या प्रकल्पाला जोडायला २२,८६४ कोटींचा रस्ता. चढउताराचा मुद्दा तसाच राहिला, असो.

फौजी खाक्या:
पाणबुडीचा मुद्दा तुमचा दर्यावर्दी, फ्रेम करून लावा. पण पलेटवात बसलेल्यांशी बोलणार कोण?

ईशान्येकडचा:
हाच खरा प्रश्न. सित्वे लष्कराकडे, पलेटवा अराकान आर्मीकडे. एकाच बार्जला दोन परवानग्या. राजधानी नेपिडोतल्या लष्करी सरकारशी उघड बोलायचं, अराकान आर्मीशी आडून. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिझोरामचे राज्यसभा खासदार वनलालवेना पलीकडे जाऊन अराकान आर्मीला भेटून आले. त्याच महिन्यात दिल्लीने म्यानमार सीमेवरची मुक्त ये-जा बंद करायची घोषणा केली आणि १,६४३ किमीला कुंपण घालायचं ठरवलं, अंदाजे ३१,००० कोटींचं.

दर्यावर्दी:
कालादानच्या दहापट! फौजी, हा खर्च तुमच्या खात्यात.

फौजी खाक्या:
आनंदाने.

हिशेबनीस:
झोरिनपुईला फाटक धरलंय ना त्यात, की तेही २०१५च्या वाढीव अंदाजासारखं नंतर आठवणार?