मदत हवी आहे: क्रोशेचा ससा आणि त्याला जोडलेलं दुपटं. कड फुगतेय, मान कशी जोडू?

पिवळा_झेंडू

नमस्कार मंडळी,

भाच्याचं बोरनहाण जानेवारीत आहे. तेव्हा तो नऊ महिन्यांचा असेल. हलव्याचे दागिने वहिनीच्या आईकडून येणार आहेत, त्यामुळे आत्याने काय द्यायचं हा प्रश्न होता. तो वहिनीनेच सोडवला. तिने एक फोटो पाठवला: वर सशाचं डोकं, खाली फूटभर चौकोनी दुपटं. पोटबिट काही नाही. बाळ कान किंवा कोपरा मुठीत धरून चघळत बसतं म्हणे. "ताई, तुम्हाला क्रोशे येतंच की," असा शेराही सोबत होता.

येतं म्हणजे तोरणं, टेबलावरचे रुमाल, आणि सुयांवर टोपरी-मोजे. खेळणं हा प्रकार पहिल्यांदाच करतेय. आत्तापर्यंत झालंय ते असं:

डोकं: ४ पदरी कॉटन, अडीच नंबरची सुई. मॅजिक रिंगमध्ये (ओढून बंद होणाऱ्या सुरुवातीच्या कडीत) ६ मुके खांब (आखूड टाके), दर फेरीला ६ वाढवत ३६ पर्यंत, मग सात फेऱ्या सरळ, मग घटवत १८ वर आणलं. खाली भोक उघडं आहे, अजून भरलेलं नाही.

दुपटं: तोच दोरा, ३ नंबरची सुई. मधोमध सुरू करून खांबांचा (उंच टाक्यांचा) भरीव चौकोन विणतेय. सात फेऱ्या झाल्यात.

आता अडचणी.

चौकोन सपाट बसत नाहीये. मधला भाग ठीक आहे, पण कडेला झालर लावल्यासारख्या लाटा येतात. ओला करून टाचण्या लावून वाळवला, तरी सकाळी परत तेच.

डोकं दुपट्यावर कसं बसवायचं? नुसतं सुईने शिवलं तर हा मुलगा दोन दिवसांत उपटेल. त्याची पकड तुम्ही बघितली नाहीत. माझ्या चष्म्याची एक काडी त्याच्या नावावर जमा आहे.

डोळ्यांसाठी दुकानदाराने मागे चकती असलेले प्लास्टिकचे काळे डोळे दिलेत. नावातच 'सेफ्टी' आहे, काळजी नको म्हणाला. लावू का?

भरायला आईने जुन्या उशीतला सावरीचा कापूस काढून ठेवलाय. तिच्या मते याहून मऊ जगात काही नाही.

---

लोकरगुंडा

फेरीच्या कोपऱ्यात किती खांब घालताय? आणि कोपऱ्यांच्या मध्ये प्रत्येक खांबावर एक, की गाळून?

---

पिवळा_झेंडू

कोपऱ्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब. मध्ये प्रत्येक खांबावर एक.

---

लोकरगुंडा

मग लाटा येणारच, टाचण्यांचा काही दोष नाही.

३-२-३ हा कोपरा जाळीच्या चौकोनाचा, ज्यात तीन-तीन खांबांचे झुबके असतात. तिथे दर फेरीला एका बाजूला एकच झुबका वाढतो, म्हणजे तीनच खांब, आणि जाळीतली मोकळी जागा बाकीचं सांभाळून घेते. भरीव चौकोनात तोच कोपरा घेतला की बाजू दर फेरीला सहाने वाढते. खांबाच्या उंचीच्या मानाने तेवढ्या टाक्यांना बसायला जागा नसते, म्हणून ते वर उचलले जातात. भरीव चौकोनाचा कोपरा २ खांब, २ साखळ्या, २ खांब. बाजू चारनेच वाढली पाहिजे: ३, ७, ११, १५, १९ अशी. तुमच्या तिसऱ्या फेरीत ११ च्या जागी १५ असतील, मोजून बघा.

एक फेरी झाली की ताटलीवर ठेवून बघायची सवय लावा. कड फुगली तर टाके जास्त, वाटीसारखी वळली तर कमी.

दुपटं उसवावं लागेल, पण त्यात एक फायदा आहे. उसवताच आहात तर वेगळा चौकोन करूच नका. मानेतूनच दुपटं काढा, शिवणच राहणार नाही. डोकं १८ वर आहे ना? पुढची फेरी टाक्याच्या माथ्यावरच्या दोन दोऱ्यांपैकी फक्त मागच्या दोऱ्यात विणून १२ वर आणा, मग ६, आणि बंद करा. त्या १८ टाक्यांचे पुढचे दोरे मोकळे राहतील, मानेभोवती छोट्या कड्या दिसतील. डोकं उलटं धरून त्यांत नवा दोरा जोडा.

पहिली फेरी मुक्या खांबांची, दोन ठिकाणी एकेक वाढवून १८ चे २० करा, म्हणजे चारने भाग जाईल. पुढच्या फेरीत एका टाक्यात कोपरा (२-२-२), मग चार टाक्यांवर एकेक खांब, परत कोपरा. असं चार वेळा. बाजूला ८ खांब येतील. पुढच्या फेऱ्यांपासून कोपरा साखळीच्या जागेत घ्यायचा आणि बाजू १२, १६, २० अशा. तुमच्या दोऱ्याला बाजू ६० खांबांच्या आसपास गेली की फूटभर होईल. शेवटची फेरी मुक्या खांबांची घ्या, कड दाट बसते.

---

कोकणकन्या७

वरच्याशी थोडी असहमत. मानेतून काढलेलं दुपटं मजबूत असतं हे खरं, पण मी दोन्ही वेगळे करते आणि शिवते. कारण एकच: दुपट्याची कड सहा महिन्यांत मळून, चघळून, ताणून जाते आणि डोकं मात्र चांगलं असतं. वेगळं असेल तर दुपटं बदलता येतं.

शिवायचं असेल तर डोकं १८ वर उघडंच ठेवा, भरा, दोरा हातभर लांब सोडा. दुपट्याच्या मधोमध १८ टाक्यांचं वर्तुळ टाचण्यांनी आखा. प्रत्येक टाक्याचे दोन्ही दोरे उचलून दुपट्यातून आरपार शिवा, पूर्ण फेरी झाली की त्याच वाटेने दुसरी. खालच्या बाजूने एक छोटी चकती विणून वर बसवा, म्हणजे गाठ बाळाच्या तोंडात जाणार नाही. मग डोकं एका हातात, दुपटं दुसऱ्या हातात धरून सगळी ताकद लावून ओढा. टाक्यांमध्ये फट दिसली तर पुन्हा शिवा. ही परीक्षा मानेतून काढलेल्यालाही लागू.

---

लोकरगुंडा

दुपटं बदलायला देणारं बाळ मी अजून पाहिलेलं नाही. पण ज्याची त्याची पद्धत.

---

खटपट्या

डोळ्यांचं आधी बघा, मान बंद करायच्या आत.

प्लास्टिकचे डोळे लावू नका. मागची चकती घट्ट बसते, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ती ज्याला धरून असते ते विणकाम आहे, आणि विणकाम ताणतं. ओलं झालं, चावलं, ओढलं की भोक मोठं होतं आणि डोळा चकतीसकट बाहेर येतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटे होऊ शकतील असे बारीक भाग चालत नाहीत. ते तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं असतं, त्यात मावेल तो भाग घशात अडकू शकतो असं धरतात. तुमच्या हातातला डोळा त्यात आरामात मावेल. मणी, बटणं, घुंगरू, मोती सगळं याच यादीत. बोरनहाणाच्या हौसेने घुंगरू लावायचा मोह होतो म्हणून आधीच सांगतोय.

भरतकामाच्या काळ्या दोऱ्याने डोळे भरा. मिटलेले, खाली वळलेले कमानीसारखे डोळे सगळ्यात सोपे आणि चांगले दिसतात. मान उघडी असताना केलंत तर गाठी आत राहतात. दोन्ही डोळे एकाच फेरीवर, मध्ये सात-आठ टाके सोडून.

आणि मानेला रिबीन नको. फोटोत असेलच, तरी नको.

---

आजीबाई_कोथरूड

झेंडूताई, आईला दुखवू नका, पण सावरीचा कापूस उशीतच बरा. त्याचे तंतू फार बारीक असतात, टाक्यांतून बाहेर येऊन बाळाच्या नाकातोंडात जातील. शिवाय ही वस्तू आठवड्याला धुतली जाणार. कापूस कुठलाही असो, धुतला की त्याचा गोळा होतो आणि पावसाळ्यात आतून वाळतच नाही. वरून कोरडा लागतो आणि चार दिवसांनी कुबट वास येतो. उशांमध्ये भरतात तो पॉलिएस्टरचा फायबर आणा, दुकानात रेक्रॉन म्हटलं की देतात. हाताने पिंजून थोडा थोडा भरा. गाल आधी, मग कपाळ, मान शेवटी. टाक्यांच्या मधून पांढरं दिसलं तर भरणं जास्त झालंय किंवा सुई मोठी झालीये. तुमची अडीचची सुई बरोबर आहे.

सावरी वाया जाऊ देऊ नका. ताणलेल्या पाठीखाली घ्यायला छान उशी होते, आईलाच करून द्या.

---

उनाडवारा

दोऱ्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. हल्ली सगळे मखमली लोकरीत करतात, फार गोड दिसतं. कॉटन कडक नाही वाटत?

---

कोकणकन्या७

गोड दिसतं, पण टाके दिसत नाहीत, बोटांनी चाचपडत विणावं लागतं. कापलेल्या टोकांतून रोवा सुटतो. ज्या बाळाला सगळं तोंडात घालायचंय त्याच्यासाठी मी घेणार नाही, मोहेर आणि फरसारखी केसाळ लोकर तर अजिबातच नाही. ॲक्रिलिक हलकं असतं, लवकर वाळतं, धुवायला सोपं, फक्त गरम इस्त्री लावली की कायमचं लोळागोळा होतं. कॉटन दोन-तीन धुण्यांत मऊ पडतं. ओलं झाल्यावर जड होतं, एवढाच दोष.

गडद रंग असेल तर एक टोक कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवा. डाग पडला तर तो दोरा दुसऱ्या कशाला तरी वापरा. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो म्हणतात, पण रंगवून आलेल्या सुती दोऱ्याला त्याचा काही उपयोग होत नाही.

---

चिंचपोकळी

संक्रांत आहे म्हणजे ससा काळा हवा 😀

ऑर्डर घेता का ताई? माझ्या बहिणीला हवंय.

---

खटपट्या

विकायचं असेल तर वेगळं प्रकरण आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे, घरून विकणाऱ्या सगळ्यांना आपोआप नाही. भाच्याला द्यायला अर्थातच काही लागत नाही.

---

रात्रपाळी

एक गोष्ट राहिली, आणि ती टाक्यांपेक्षा महत्त्वाची आहे. हे झोपताना बाळाजवळ ठेवायचं नाही, निदान वर्षाचा होईपर्यंत. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स पहिल्या वर्षात बाळाच्या झोपायच्या जागी मऊ खेळणी, उशा, सैल पांघरुणं ठेवू नका असं स्पष्ट सांगते, गुदमरण्याच्या आणि अचानक मृत्यूच्या धोक्यामुळे. आपल्याकडे "आम्ही गोधडीतच वाढलो" हे उत्तर तयार असतं. मी ते माझ्या सासूबाईंकडून ऐकलंय, तुम्हीही ऐकाल. नऊ महिन्यांच्या बाळाला जागेपणी, कुणाचं तरी लक्ष असताना खेळायला द्या. वाढदिवस झाला की मग रात्री.

दुपटं भरीव करताय ते योग्यच. जाळीच्या भोकांत बोटं अडकतात, आणि बाळ रडतंय ते बोटात दोरा आवळल्यामुळे, हे पटकन लक्षात येत नाही. फूटभरापेक्षा मोठं करू नका.

आणि जमलं तर दोन करा, अगदी एकसारखे, एकाच लॉट नंबरच्या (एकाच वेळी रंगवलेल्या) दोऱ्याचे. एक धुवायला पडलं की दुसरं. दोन्ही पहिल्यापासून आलटून पालटून द्यायला सांगा, नाहीतर नव्याला वास नाही म्हणून बाळ ते फेकून देतं.

---

उनाडवारा

त्याला तोच आवडेल याची खात्री नाही हां. डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी १९५३ च्या लेखात याच वस्तूंबद्दल लिहिलंय. आईपासून थोडं सुटं होताना मूल एखादी वस्तू धरतं, पण ती निवडतं मूल, आपण नाही. आमच्या मुलाने भेट आलेले सगळे टेडी सोडून माझ्या जुन्या कॉटनच्या ओढणीचा गोंड्याकडचा तुकडा धरला होता. पाहुण्यांसमोर लाज आणायचा.

---

पिवळा_झेंडू

सगळ्यांचे मनापासून आभार!

मोजले. तिसऱ्या फेरीत १५ च निघाले. चौकोन उसवून गुंडा केला. मानेतून काढायचं ठरवलंय, कारण मला शिवणकामाचा कंटाळा आहे आणि कोकणकन्याताईंची ओढायची परीक्षा वाचून धडकी भरली. डोळे मिटलेले करतेय. फायबर आणला. आईला सावरीचं सांगितलं तर म्हणाली, "मग माझी उशी परत भरून दे."

रात्रपाळीताई, झोपेचं वहिनीला आजच कळवते. दुसरा ससा संक्रांतीपर्यंत होणार नाही, पण दोरा त्याच लॉटचा आणून ठेवते.

शेवटचं एक. कान लांब लोंबते हवेत, तो चघळणार तेच. सपाट करू की भरू? आणि कुठल्या फेरीवर लावू?

---

लोकरगुंडा

भरू नका, सपाटच ठेवा, हातात धरायला बरे पडतात आणि लवकर वाळतात. ६ ने सुरू करून १८ पर्यंत वाढवा, चौदा-पंधरा फेऱ्या सरळ, मग १२ वर घटवा, चपटा करून दोन्ही थर एकत्र मुक्या खांबाने बंद करा. डोक्याच्या माथ्यापासून चौथ्या-पाचव्या फेरीवर, डोळ्यांच्या थोडं बाहेरच्या बाजूला. आधी टाचण्यांनी लावून लांबून बघा. पुढे आले तर कुत्रा दिसतो.

कान मात्र शिवावेच लागतील, तिथे सुटका नाही. दोन फेऱ्या, आणि दोऱ्याचं टोक डोक्यातून तीन वेगवेगळ्या दिशांनी फिरवून मगच कापा. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा.