पॉलिअनिलीन (वीज वाहणारं प्लास्टिक) धुतल्यावर निळं पडतंय, काय करू?

नांदेडला एम.एस्सी. करतोय. अमोनियम परसल्फेट वापरून अ‍ॅनिलीनचे रेणू साखळीत जोडले, पॉलिअनिलीन बनवलं. गाळलं तेव्हा गर्द हिरवं होतं, डिस्टिल्ड पाण्यानं धूत गेलो तसं निळसर झालं. गोळी दाबून मीटर लावला, तर वीज जवळपास जातच नाही.

उत्तर (परभणी) : तो निळा रंगच सगळं सांगतोय, भाऊ. पाण्यासोबत आम्ल गेलं, डोपिंग उतरलं, म्हणजे वीज वाहती करणारे आम्लाचे प्रोटॉन निघून गेले. पावडर फेकू नका! १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ढवळत ठेवा, हिरवी होईल. प्रोटॉन साखळीतल्या नायट्रोजनवर बसला की भार साखळीवरून सरकू लागतो. वाहकता अब्जावधी पटींनी वाढते. इतकं सुंदर रसायन दुसरं दाखवा! पुढच्या वेळी धुवायलाही विरल आम्लच घ्या. आणि पॉलिअनिलीन बनवताना आपल्याकडच्या मे महिन्यात ० ते ५ अंश तापमान टिकवायचं तर बर्फात मीठ घाला, परसल्फेट थेंब थेंब सोडा.

उत्तर (लातूर) : वाळवताना ६० अंशांच्या वर जाऊ नका, आम्ल उडतं. मोजायला चार टोकांचा प्रोब मिळवा, साध्या मीटरमध्ये टोकांचा रोधही मोजला जातो.

प्रश्नकर्ता : कपाटात शेजारीच अमोनियाची बाटली असते. चालेल?

परभणी : अजिबात नको. अमोनियाची वाफ प्रोटॉन ओढून घेते. आजच हलवा.